वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा फोटो आणि लंडनचे जुने पेपर

मागच्या अंकात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पहिल्या-पहिल्या फोटोग्राफीवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, मेल पण आले. सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात जमणार नाही म्हणून तीनच घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, खरं बाकीच्यांच्या शंका पण त्यातच येतात म्हणून कापलं नाही.

प्रश्न : नमस्कार सर. आमच्या खानापूर तालुक्यातल्या जुन्या घराचा माळा यंदा पावसाच्या आधी साफ केला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत दोन फोटो मिळाले. एक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पत्त्याच्या पानापेक्षा थोडा उंच, मागं काहीतरी इंग्रजी छापलेलं होतं खरं ते वाळवीनं खाल्लंय. दुसरा काचेवरचा, छोट्या पेटीत, मागं काळं कापड. घरात सगळे म्हणतात हे पणजोबांचे वडील, १८४५ सालचे फोटो, बेळगाव कॅम्पात गोऱ्या फोटोग्राफरनं काढलेले. मी महिनाभर ऑनलाइन जुने इंग्रजी पेपर शोधायलोय, फोटोग्राफर, बेळगाव, १८४५ असं टाकतोय, काहीच येईना. माझं कुठं चुकतंय?
(एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : पहिल्यांदा सालच बाजूला ठेवा. तुमच्या हातातल्या दोन्ही वस्तू १८४५ च्या असूच शकत नाहीत, आणि हे सांगायला कुठला पेपर लागत नाही, वस्तूच सांगते. काचेवर, मागं काळं कापड लावून, म्हणजे तो अँब्रोटाइप. ती कोलोडियनची रीत, म्हणजे काचेवर चिकट द्रावणाचा थर देऊन फोटो घ्यायची, फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं मार्च १८५१ मध्ये 'द केमिस्ट' या मासिकात छापली, त्याच्या आधी ती नव्हतीच. काचेवर जरा फिकट उमटलेली निगेटिव्ह असते ती, मागं काळं आलं की सरळ फोटो दिसतो. कापड जिथं सरकलं असेल तिथं चेहरा पुसट होऊन आरपार दिसत असणार, नीट बघा. पेटी मात्र उघडू नका, काच पुसू तर अजिबात नका, तो थर नखानं पण निघून येतो. आणि पुठ्ठ्यावरचा फोटो तुम्ही सांगताय त्या मापाचा असेल तर ती कार्त द व्हिझिट, म्हणजे व्हिझिटिंग कार्डाच्या मापाचा फोटो. पॅरिसच्या दिसदेरी या फोटोग्राफरनं तिचं पेटंट १८५४ च्या शेवटी घेतलं, इंग्लंडात तिचं वेड १८६० नंतर पसरलं. पुठ्ठ्याचे कोपरे काटकोनात आहेत की गोल कापलेत ते बघा, गोल असतील तर साधारण १८७० च्या पुढचा धरा.

म्हणून घरातले खोटं सांगतायत असं नाही हां. घराण्याच्या आठवणीत माणूस पक्का बसतो, साल सरकतं. १८४५ हे त्यांच्या जन्माचं साल असेल, वतनाच्या कागदाचं असेल, ते फोटोला कधी चिकटलं कुणाला कळलं पण नसेल.

आता शोधण्याचं बोलू. त्या काळातल्या अंकात शिरताना आपण आजचा शब्द घेऊन जातो ही पहिली चूक. फोटोग्राफी हा शब्द शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं मार्च १८३९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं वापरला खरं, म्हणून काय दुसऱ्या दिवसापासून सगळे तोच लिहायला लागले असं झालं नाही. पुढं कितीतरी वर्षं फोटोजेनिक ड्रॉइंग, डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो), कॅलोटाइप (कागदावरचा), टॅलबोटाइप, सन पिक्चर्स, हेलिओग्राफी असं काय काय लिहायचे, आणि फोटो काढणाऱ्याला फोटोग्राफिस्ट पण म्हणायचे. त्यात डॅगेरोटाइपचं स्पेलिंग प्रत्येक छापखान्याचं वेगळं, कुणी एक अक्षर गाळतो, कुणी ओळ संपली म्हणून मध्येच तोडतो, की कॉम्प्युटरला तो शब्द सापडत नाही. बेळगावच्या स्पेलिंगचं पण तेच, निपाणीला कधी एक पी कधी दोन, आणि पुष्कळदा गावाचं नावच नसतं, नुसतं सदर्न मराठा कंट्री, म्हणजे दक्षिण महाराष्ट्राकडचा हा मुलूख, असं लिहिलेलं असतं. तेव्हा एक शब्द टाकून गप्प बसू नका, दहा टाका, आणि तरी नाही मिळालं तर सर्च सोडा आणि अंक पानानं पान चाळा. वेळ जातो, मला माहितीय. खरं चाळताना जे दिसतं ते सर्चमध्ये कधी दिसत नाही.

आणि आता जे सांगतोय ते मला शिकायला फार वर्षं लागली. बातमी फिरते, जाहिरात जागची असते.

त्या काळी पेपर एकमेकांचं बिनधास्त उचलायचे. पॅरिसमध्ये ७ जानेवारी १८३९ ला आरागो या शास्त्रज्ञानं डॅगेरच्या शोधाची, म्हणजे डॅगेरोटाइपची, घोषणा केली, त्याच्या आदल्याच दिवशी 'गॅझेट द फ्रान्स'नं बातमी फोडली होती, मग ती लंडनला आली, तिथून सगळीकडं. इंग्लंडात कागदावर फोटो काढायची रीत शोधणारा टॅलबोट घाबरला, त्याला वाटलं आपलं काम मागं पडतंय. ३१ जानेवारीला त्यानं रॉयल सोसायटीत निबंध वाचला, २ फेब्रुवारीच्या 'लिटररी गॅझेट'मध्ये त्याचं पत्र आलं आणि ९ तारखेच्या 'अथेनियम'मध्ये निबंध छापून आला. साप्ताहिकाचा वेग बघा, एका महिन्यात अख्खं भांडण छापून मोकळे! हे अंक ओळीनं लावून वाचले की दोघांची धडपड आठवड्या-आठवड्यानं दिसते, नंतरच्या पुस्तकात ती एका वाक्यात संपलेली असते. आमच्या बाजूचा 'बॉम्बे टाइम्स' नोव्हेंबर १८३८ ला निघालेला, म्हणजे फोटोग्राफीच्या दोनच महिने आधीचा, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा यायचा. विलायतेची बातमी त्याला बोटीनं येणाऱ्या पेपरातून मिळायची. म्हणून मुंबईच्या अंकात डॅगेरोटाइपवर दोन कॉलम दिसले म्हणून मुंबईत तेव्हा डॅगेरोटाइप निघत होते असं धरू नका. ती लंडनची बातमी आहे, नुसती इथं छापलेली.

जाहिरातीला मात्र पैसे मोजावे लागायचे. इंग्लंडात तर १८५३ पर्यंत प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर होता, दीड शिलिंग. ज्यानं ती दिली तो माणूस त्या गावात, त्या आठवड्यात, दुकान मांडून बसलेला आहे. पहिली जाहिरात कधी आली आणि शेवटची कधी, ह्या दोन तारखा वहीत लिहिल्या की फिरत्या फोटोग्राफरचा मुक्काम हातात येतो. आणि १८४० च्या दशकात इंग्लंडात जाहिराती तुरळक का, तर पेटंट. रिचर्ड बिअर्डनं मार्च १८४१ मध्ये लंडनच्या पॉलिटेक्निकच्या छपरावर स्टुडिओ काढला, डॅगेरोटाइपचे इंग्लंडमधले हक्क विकत घेतले आणि मग गावागावाचे परवाने विकले, म्हणून लहान गावच्या पेपरात एखादाच फोटोग्राफर दिसतो. कागदावरच्या कॅलोटाइपचं पेटंट टॅलबोटकडं, ते स्कॉटलंडला लागू नव्हतं, आणि एडिंबरात १८४३ पासून हिल आणि ॲडम्सन मोकळेपणानं शेकड्यांनी फोटो काढत होते. सीमा ओलांडली की कायदा बदलतो आणि त्याबरोबर माणसाचं आयुष्य बदलतं, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

अजून एक सांगतो. एका मोठ्या ग्रंथालयात मी त्या काळच्या एका मासिकाचे बांधीव खंड बघायला गेलो, रात्रीच्या गाडीनं, फार आशेनं. खंड सुरेख होते, कातडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, खरं आत एक पण जाहिरात नाही. बाइंडिंग करताना प्रत्येक अंकाचं वरचं रंगीत कव्हर काढून फेकलेलं, आणि जाहिराती असायच्या त्या कव्हरवरच. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून कुठल्याही खंडाची स्कॅन बघताना आधी बघतो कव्हरं आहेत का, नसतील तर सुटे अंक कुठं राहिलेत ते शोधतो.

तुम्ही आता काय करा, १८५५ ते १८७५ अशी वीस वर्षं धरा, मुंबईचे पेपर आणि जुन्या अल्मनॅक-डिरेक्टऱ्या दोन्ही बघा. कॅम्पातला फोटोग्राफर असेल तर तो एकतर धंदेवाला, मग जाहिरात सापडेल, नाहीतर पलटणीतला हौशी अधिकारी, मग तो लष्कराच्या यादीत सापडेल. आणि घरातली कीर्द-खतावणी असली, मोडीत असली तरी, ती आधी वाचून घ्या. फोटोला दिलेले रुपये त्यात नोंदलेले असले तर साहेबाच्या पेपरापेक्षा तो पुरावा भारी. पावसाळ्यात दोन्ही फोटो ट्रंकेत परत टाकू नका, खानापूरच्या दमटपणात बुरशी धरायला एक महिना पुरतो. सिलिका जेलच्या पुड्या घालून कोरड्या डब्यात, कपाटात वरच्या खणात ठेवा.

प्रश्न : मी कॉलेजवर शिकवते. पैसे न भरता घरबसल्या हे जुने अंक कुठं वाचता येतात? आणि नुसतं स्कॅन बघून भागतं का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : ताई, बरंच फुकट आहे. इंटरनेट आर्काइव्ह, गूगल बुक्स आणि हाथीट्रस्टवर मासिकांचे खंड मिळतात. 'फोटोग्राफिक न्यूज' १८५८ पासूनचं, आणि लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीचं जर्नल मार्च १८५३ पासूनचं, ह्या दोनपासून सुरू करा. टॅलबोटची दहा हजारांवर पत्रं ऑनलाइन लावलेली आहेत, ती तर मुलांना वर्गात दाखवा. आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी बघा. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला पैसे पडतात, ते महिनाभरापुरतं घ्यायचं आणि आधी यादी तयार ठेवून बसायचं.

ह्या मासिकांत मला सगळ्यात आवडतं ते वाचकांना दिलेल्या उत्तरांचं पान. प्रश्न छापायचेच नाहीत, नुसती उत्तरं, ती पण आद्याक्षरांना किंवा टोपणनावाला. कुणाच्या काचेवर डाग पडायलेत, कुणाचा कागद पिवळा पडलाय, हे सगळं उत्तरावरून ओळखायचं. 'नोट्स अँड क्वेरीज' हे साप्ताहिक तर वाचकांच्या प्रश्नोत्तरांसाठीच १८४९ मध्ये निघालं, त्यात डॉ. ह्यू डायमंड नावाचे वेड्यांच्या इस्पितळातले डॉक्टर फोटोच्या रीती सविस्तर लिहायचे. लोकांना प्रत्यक्षात काय अडत होतं हे त्या पानांवरून कळतं, मोठमोठ्या लेखांवरून कळत नाही.

स्कॅनवर सगळं भागत नाही. 'आर्ट युनियन' मासिकाच्या जून १८४६ च्या अंकात प्रत्येक प्रतीत टॅलबोटच्या पद्धतीचा एकेक खराखुरा फोटो चिकटवला होता, सुमारे सात हजार लागले, रेडिंगच्या कारखान्यात घाईनं काढले. एका प्रतीत एक चित्र, दुसरीत दुसरंच. धुणं नीट झालं नाही म्हणून पुष्कळसे पिवळे पडले, विटले. तुम्ही एक स्कॅन बघून ह्या अंकात अमुक फोटो होता असं लिहिलंत तर ते त्या एकाच प्रतीपुरतं खरं. आणि रोजच्या छापील पानावर तर फोटो नसायचेच, छापायची सोयच नव्हती, लाकडावर कोरून चित्र छापायचे. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं वर्गणीदारांना लंडनचं भलंमोठं चित्र भेट दिलं होतं ते क्लॉदे या लंडनच्या फोटोग्राफरच्या डॅगेरोटाइपवरून कोरलेलं. म्हणून चित्राखाली फोटोवरून असं लिहिलंय का ते वाचायचं, आणि मधे कोरणाऱ्याचा हात आहे हे लक्षात ठेवायचं.

प्रश्न : काका, हे सगळं साहेबांचंच झालं. आमच्या भागाचा, आमच्या माणसांचा त्यात काही संबंध आहे का?
(एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आहे की! बाळा, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, लंडनची निघून दोन वर्षं पण झाली नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः चांगले फोटो काढायचे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमाराला फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढं मुंबईत धंदेवाईक फोटोग्राफर झाले. आणि त्याच १८५५ साली कंपनी सरकारनं तोफखान्यातला कॅप्टन थॉमस बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळेची देवळं-मशिदी टिपायला नेमलं, कागदाच्या निगेटिव्ह घेऊन. त्याला पलटणीत परत बोलावल्यावर डॉ. पिगूनं ते काम पुढं नेलं. ह्यांचे फोटो १८६६ च्या धारवाड-म्हैसूरच्या वास्तूंवरच्या मोठ्या ग्रंथात आलेत. बदामी आपल्यापासून काही तासांवर, पुढच्या सुट्टीत जाशील तेव्हा त्या फोटोची प्रिंट घेऊन जा आणि बिग्ज कुठं उभा होता ती जागा शोध.

मराठी पेपर पण बघ, 'प्रभाकर' १८४१ चा, 'ज्ञानोदय' १८४२ चा, 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा. त्यात फोटोग्राफ हाच शब्द धरून बसू नको, तसबीर, चित्र, असं पण बघ. आणि आपलं बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे हे तुला माहीत असेलच, तिथं जाऊन जुन्या अंकांची यादी माग, काय काय मिळालं ते मला लिहून कळव, पुढच्या अंकात ह्याच पानावर घालू.