बागकामाच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय कसे पाहावे?

प्रश्न : लवकरच लंडनला जाण्याचा योग आहे. बागेची आवड असल्यामुळे क्यू येथील वनस्पती उद्यान पाहणार आहेच. परंतु थेम्स नदीकाठी एका जुन्या चर्चमध्ये बागकामाच्या इतिहासाला वाहिलेले लहानसे संग्रहालय आहे, असे वाचनात आले. बाग ही जिवंत गोष्ट आहे. ती काचेच्या कपाटात काय दिसणार? त्यासाठी अर्धा दिवस द्यावा का?

उत्तर : अवश्य द्यावा, आणि शक्य असेल तर क्यूच्या आधी द्यावा. आपली शंका मात्र रास्त आहे. बाग जपून ठेवता येत नाही. माळ्याचा हात सुटला की काही हंगामांतच वाफे, वाटा आणि कुंपणे तणाखाली जातात. मागे उरतात ती अवजारे, आराखडे, बियाण्यांच्या याद्या आणि झाडांना लावलेल्या पाट्या. म्हणून अशा ठिकाणी बागेचे सौंदर्य शोधायला गेले तर निराशा होते. प्रत्येक वस्तूसमोर उभे राहून ‘ही करणाऱ्यापुढे अडचण कोणती होती?’ एवढे विचारले, तर तीच कपाटे बोलू लागतात.

आपण ज्याविषयी वाचले ते लॅम्बेथ येथील ‘गार्डन म्युझियम’. लॅम्बेथ राजवाड्याला लागून असलेले सेंट मेरी हे चर्च १९७२ मध्ये उपासनेसाठी बंद झाले आणि पाडले जाण्याच्या बेतात होते. त्याच्या आवारात जॉन ट्रेडस्कंट नावाच्या पिता-पुत्रांची कबर आहे, हे रोझमेरी निकल्सन यांच्या लक्षात आले. त्यांनी पती जॉन यांच्यासह चळवळ करून वास्तू वाचवली आणि १९७७ मध्ये तेथे हे संग्रहालय उभे राहिले. म्हणजे एका माळ्याच्या कबरीमुळे चर्च वाचले. सुरुवात तेथूनच करावी.

थोरले ट्रेडस्कंट हे सरदारांचे आणि पुढे राजघराण्याचे माळी होते. झाडांच्या शोधात ते १६१८ मध्ये रशियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत गेले. धाकटे १६३७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात पोहोचले. दोघांनी रोपांबरोबर शंख, शस्त्रे, पोशाख, प्राण्यांचे अवशेष असे मिळेल ते आणले आणि लॅम्बेथमधील आपल्या घरी मांडून पैसे देणाऱ्या कोणालाही ते पाहू दिले. ‘आर्क’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संग्रहाची छापील यादी १६५६ मध्ये निघाली, आणि पुढे तो एलियास ॲशमोल या संग्राहकाच्या हाती जाऊन १६८३ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा पाया ठरला. सर्वसामान्यांना खुल्या असलेल्या संग्रहालयाची ब्रिटनमधील परंपरा अशी एका माळ्याच्या घरातून निघते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्या कबरीच्या बाजूंवर झाडे, शिंपले, मगर आणि पडक्या इमारती कोरल्या आहेत. घाई न करता चारही बाजूंनी फिरून पाहाव्यात.

त्याच आवारात कॅप्टन विल्यम ब्लाय यांचीही कबर आहे. ताहितीहून नीरफणसाची रोपे वेस्ट इंडीजमध्ये नेण्याची त्यांची पहिली मोहीम १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरील बंडामुळे मोडली. दुसऱ्या मोहिमेत, १७९३ मध्ये, रोपे पोहोचली. ती हवी होती उसाच्या मळ्यांतील गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. बागकामाचा इतिहास केवळ फुलांचा नाही, हे या दोन कबरींच्या शेजाराइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आत गेल्यावर ‘तार्तरीचे वनस्पती-कोकरू’ शोधावे. आशियात एका झुडपाला कोकरू लागते, ते देठाला बांधलेले राहून भोवतीचे गवत खाते, असे युरोपात कित्येक शतके सांगितले जात होते. पुरावा म्हणून दाखवली जाणारी वस्तू प्रत्यक्षात एका नेच्याचे सोनेरी लव असलेले खोड असे, त्याचेच देठ पायांसारखे कापून ठेवलेले. दूरच्या वनस्पतींविषयीचे ज्ञान किती अफवांमधून गाळून काढावे लागले, हे त्यावरून कळते.

अवजारांपुढे सर्वाधिक वेळ घालवावा. बागकामाच्या संग्रहालयांत अंगठ्याने चालणारी मातीची जुनी झारी आढळते. तिच्या तळाला बारीक छिद्रे असतात आणि वर निमुळत्या मानेला एकच भोक. ती पाण्यात बुडवून भरायची आणि वरचे भोक अंगठ्याने दाबून उचलायची. वरून हवा आत शिरत नाही, त्यामुळे खालच्या हवेचा दाब पाणी धरून ठेवतो. अंगठा काढला की नाजूक रोपांवर बारीक सर पडते, पुन्हा ठेवला की थांबते. नळी नाही, झडप नाही, आणि नियंत्रण मात्र पुरेपूर.

गवत कापण्याच्या यंत्राची कथाही अशीच उद्बोधक आहे. हिरवळ पूर्वी लांब दांड्याच्या विळ्याने, तीही पहाटे दव असताना, कसबी माणसांकडून कापून घ्यावी लागे. इंग्लंडमधील स्ट्राउड भागात लोकरी कापडाची लव कातरण्यासाठी फिरत्या पात्यांची यंत्रे वापरत. ती पाहून एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवतासाठी तसेच यंत्र तयार करून त्याचे पेटंट घेतले. पुढे मोठी यंत्रे घोडे ओढू लागले, तेव्हा हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्यांना चामडी बूट घालत. असे बूट दिसले तर त्यामागचे कारण आपल्याला ठाऊक असेल.

मात्र एकाच वस्तूपुढे थांबायचे ठरवले, तर ती वॉर्ड यांची काचपेटी असावी. नॅथॅनिएल वॉर्ड हे लंडनचे डॉक्टर. कोळशाच्या धुराने त्यांच्या अंगणातील नेचे मरत असत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला. पतंगाऐवजी त्यांचे लक्ष वेधून घेतले ते त्या मातीत आपोआप उगवलेल्या नेच्याने आणि गवताने. मातीतील ओल वाफ होऊन काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते, म्हणून बाहेरून पाणी न घालताही रोप जगते, हे त्यांनी ताडले. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे सिडनीला पाठवली गेली आणि ती जिवंत पोहोचली. त्याआधी जहाजावरची बहुतेक रोपे खारा वारा, ऊन आणि गोड्या पाण्याची टंचाई यांना बळी पडत. मग १८४८ नंतर वनस्पती-संग्राहक रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधून हजारो चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी धाडली, आणि १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील सिंकोना हा हिवतापावरील क्विनीन देणारा वृक्ष निलगिरीत आला, तोही अशाच पेट्यांतून. लाकडाच्या चौकटीत बसवलेल्या चार काचांनी देशोदेशीची शेती, व्यापार आणि मजुरांचे आयुष्य बदलले. क्यूच्या काचगृहातील झाडे तेथवर कशी आली असतील, याचे उत्तर या पेटीत आहे. म्हणून ते उद्यान नंतर पाहावे, असे मी म्हटले.

प्रश्न : बरोबर बारा वर्षांची मुलगी असेल. अशा ठिकाणी मुले कंटाळतात का?

उत्तर : पाट्या वाचायला लावल्या तर कंटाळतात. तिला एखाद्या अवजाराचे चित्र काढू द्यावे आणि त्याचा उपयोग आधी तिलाच ओळखू द्यावा, पाटी नंतर वाचावी. काकडी सरळ वाढावी म्हणून तिच्यावर चढवायची काचेची नळी असे कोडे घालण्यास उत्तम आहे. गार्डन म्युझियमला जाणार असल्यास चर्चचा जुना मनोरा चढता येतो. पायऱ्या १३१ आणि अरुंद आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालच्या अंगणात बसणे बरे.

प्रश्न : आमच्या आजोबांची खुरपी, छाटणीच्या कात्र्या आणि एक पत्र्याची झारी घरात आहे. ती एखाद्या संग्रहालयाला द्यायची इच्छा आहे. आधी घासूनपुसून, रंगवून द्यावीत का?

उत्तर : कृपया रंगवू नयेत आणि गंज खरवडूही नये. मुठीवरची झीज, पात्याला पुन्हा पुन्हा लावलेली धार, झारीला मारलेले डाग या खुणा म्हणजेच त्या वस्तूचा इतिहास. घासल्याने त्या कायमच्या पुसल्या जातात. मऊ कोरड्या ब्रशने सुटी धूळ झाडावी, वस्तू कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि लाकडी दांड्यातून ताजी भुकटी पडत असेल तर तो दांडा इतर वस्तूंपासून वेगळा ठेवावा, कारण आत किडा जिवंत असू शकतो.

याहून महत्त्वाचे काम कागदावरचे आहे. प्रत्येक अवजार कोणी वापरले, कोणत्या झाडांसाठी, कोणत्या हंगामात, घरात त्याला काय म्हणत, दुरुस्ती कोणाकडून होत असे, हे आठवणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्यावे. आजोबांचा बागेतला एखादा फोटो असेल तर त्याची प्रत जोडावी. संग्रहालयांकडे नुसती खुरपी पुष्कळ असतात, त्यामुळे माहितीशिवाय आलेली वस्तू ते नाकारण्याची शक्यता अधिक असते. म्हणून आधी पत्र आणि छायाचित्रे पाठवावीत, होकार आल्यावरच वस्तू न्याव्यात, आणि त्या कायमच्या दिल्या की काही काळासाठी, हे लेखी ठरवून घ्यावे.