जर्मनीत मुलाला शाळेत घालताय? आधी आकडे उलटे वाचायला शिका

अगं, पहिल्या चाचणीत १ मिळाला म्हणून रागावू नकोस. आमच्याकडे हेच झालं होतं. लेक हसत वही दाखवत होती आणि तिच्या बाबांचा चेहरा पडलेला! इथे १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर पास, ५ आणि ६ म्हणजे नापास. गंमत म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांत गुण पुन्हा सुलटे होतात: ० ते १५, त्यात १५ सर्वांत चांगले.

शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. सोळा राज्यं, सोळा तऱ्हा. त्यामुळे म्युनिकच्या मैत्रिणीचं ऐकून बर्लिनमध्ये काही ठरवू नकोस. बहुतेक ठिकाणी चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात, बर्लिनमध्ये मात्र सहावीनंतर.

खरी मेख तोंडी गुणांत आहे. वर्गात हात वर करून बोलण्यालाही गुण असतात, आणि भाषेच्या तासाला ते चांगलेच जड पडतात. 'गप्प बस, ऐक' या संस्कारात वाढलेली आपली पोरं पेपर छान लिहितात आणि इथे मार खातात. माझ्या लेकीला मी सांगितलं, रोज निदान दोनदा हात वर कर, उत्तर चुकलं तरी चालेल. सहामाहीत फरक दिसला.

खेळ, संगीत, चित्रकलाही सक्तीचे आणि गुणांचे. 'पीटीचा तास' म्हणून सोडून देऊ नकोस. धर्माचा तास नको असेल तर बहुतेक राज्यांत नीतिशास्त्र घ्यावं लागतं. तो अर्ज वेळेत भर.