सकाळी निघून संध्याकाळी घरी: पुण्याभोवतीच्या भटकंतीचे प्रश्न

पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा जागांबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. चालायच्या वेळा बेताच्या चालीने धरल्या आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर त्या दीडपट धरा.

आमच्याकडे गाडी नाही. लोहगड आणि भाजे लेणी लोकलने एका दिवसात होतील का?
(दोन मैत्रिणी, सदाशिव पेठ)

होतील, आणि लोकलनेच जास्त चांगले होतील. सुट्टीच्या दिवशी लोहगडवाडीच्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात. चालत आलेली माणसं तोवर गडावर पोहोचलेली असतात.

पुणे किंवा शिवाजीनगर स्टेशनवरून सकाळी लवकरची लोणावळा लोकल धरा आणि लोणावळ्याच्या आधीच्या मळवलीला उतरा. साधारण सव्वा तास लागतो. एक्स्प्रेस गाड्या मळवलीला थांबत नाहीत, त्यामुळे जाता-येता लोकलच. परतीचं तिकीट पुण्यातच काढून ठेवा, कारण रविवारी संध्याकाळी मळवलीच्या खिडकीपुढे मोठी रांग असते.

स्टेशनवरून द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात भाजे गाव येतं. लेण्यांच्या पायऱ्या दिसतील, पण तिकडे वळू नका. पुढे चढत गायमुख खिंडीत या. इथे उजव्या हाताला लोहगड आणि डाव्या हाताला विसापूर. उजवी वाट लोहगडवाडीत नेते. मळवलीपासून वाडीपर्यंत सात-आठ किलोमीटर होतात, म्हणजे अडीच तास. जेवणाचं तेव्हाच एखाद्या घरी सांगून ठेवा. गड उतरेपर्यंत भाकरी तयार असते, नाहीतर तासभर वाट बघण्यात जातो. वाडीतून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत पाऊण तासात माथा येतो. नागमोडी वाटेवरचे हे दरवाजे घाईने पार करण्यासारखे नाहीत. एका दरवाजातून आत शिरलेला शत्रू वरच्या तटाच्या माऱ्यात कसा सापडत असेल, ते वळणावर थांबून वर पाहिलं की कळतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत लोहगड आहे.

लेणी परतीच्या वाटेवर ठेवायला सांगतो, कारण भाजे लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी आत सावली असते. दुपारनंतर उन्हं थेट चैत्यगृहात शिरतात आणि कोरीव काम उठून दिसतं. शेजारच्या १४ स्तूपांचा समूह आणि दक्षिण टोकाच्या विहारातलं सूर्याचं शिल्प चुकवू नका. (बेडसे लेणी नेमकी उलट, पूर्वाभिमुख आहेत. ती कामशेतला उतरून पवनानगर रस्त्याने सकाळीच पाहावीत, आणि वेगळ्या दिवशी.)

हा बेत बहुतेकांचा फसतो तो वेळ पुढून मोजल्यामुळे. तो मागून मोजा. मळवलीची परतीची लोकल सहाची आहे असं धरू. मग लेणी सव्वापाचला सोडायची, तिथे साडेचारला पोहोचायचं, जेवून वाडीतून तीनला निघायचं आणि गडाचा माथा दीडला सोडायचा. सकाळी पावणेआठला मळवलीत उतरलात तर माथ्यावर अकराला पोहोचता, म्हणजे हातात अडीच तास राहतात. सोळा कोनांचं तळं आणि विंचूकाटा (गडाची लांब, निमुळती सोंड) पाहायला ते पुरतात. विंचूकाट्यावर जाताना थोडा खडक उतरावा लागतो. धुकं किंवा ओल असेल तर तो टाळा. दुपारच्या लोकल विरळ असतात, म्हणून "लवकर आटपलं तर लवकर निघू" यावर विसंबू नका. वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा.

विसापूर त्याच दिवशी नको. त्याच्या वाटा लोहगडासारख्या मळलेल्या नाहीत. चुकण्याचे प्रकार तिथेच जास्त होतात.

आम्ही दोघंही साठीला आलो आहोत. गुडघे थोडे कुरकुरतात, पण सिंहगड चालत चढायची इच्छा आहे. कशी तयारी करावी?
(एक दांपत्य, वारजे)

चढा चालत, उतरा जीपने. गुडघ्यांसाठी याहून चांगला उपाय नाही. चढताना दम लागतो, पण तो थांबलं की भरून येतो. गुडघ्यावर खरा भार उतरताना पडतो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचं वजन झेलून धरावं लागतं.

स्वारगेटवरून सिंहगड पायथ्याला जाणारी पीएमपीची बस आतकरवाडीपर्यंत सोडते. तिथून पुणे दरवाजापर्यंतची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि चढ सुमारे ६०० मीटरचा. रोज चढणारे तासाभरात वर असतात. तुम्ही दोन तास धरा आणि सुरुवातीची वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. पहिल्याच टप्प्यात धाप लागली की उरलेली वाट नकोशी होते. बोलता बोलता चालता येईल तोच तुमचा योग्य वेग.

आधी महिनाभर आठवड्यातून तीन दिवस पर्वती चढा. १०३ पायऱ्या आहेत. पहिल्या आठवड्यात एकदा, मग दोनदा, शेवटच्या आठवड्यात चार वेळा. हे न दुखता जमलं तर सिंहगड जमेल. गुडघा सुजत असेल किंवा चालताना अडकत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

थंडी सरली की वाटेवर घसारा होतो. सुट्या मुरमावरून गुळगुळीत तळव्याचे बूट सरकतात, म्हणून खोल खाचांचा रबरी तळवा हवा. माणशी दोन लिटर पाणी घ्या, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. साडेसहाला चढायला लागलात तर ऊन तापायच्या आत वर पोहोचता, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही निवांत खाता येतं आणि तानाजी मालुसरे व राजाराम महाराजांच्या समाधीपाशी शांतता मिळते. दहानंतर, विशेषतः रविवारी, घाटात गाड्यांची रांग लागते आणि वाहनतळ भरला की वर सोडणं थांबवतात. जीपही त्याच रांगेत अडकते, म्हणून साडेदहाच्या आत उतरायला लागा.

पावसाळ्यात मुलांना धबधब्यावर न्यायचंय. सुरक्षित ठिकाण सुचवा.
(एक पालक, वाकड)

मुलांना घेऊन वाहत्या पाण्यात उतरण्यासारखं एकही ठिकाण आम्ही सुचवणार नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला.

अशा ठिकाणी पाणी अचानक चढतं याचं कारण साधं आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसं मुरू देत नाही. तुम्ही उभे आहात तिथे रिमझिम असते, पण वरच्या पठारावर जोराची सर पडली की सगळं पाणी थोड्याच वेळात एका ओढ्यात गोळा होतं. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, यांतलं काहीही जाणवलं तर सामान सोडून काठावर या. ओढा ओलांडून पलीकडे गेला असाल तर तिकडेच उंचावर थांबा. पुन्हा ओलांडायला जाऊ नका. अनेक धबधबे आणि धरणांवर जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतं. निघण्याआधी ते पाहा.

त्यापेक्षा मुसळधार पावसाच्या दिवशी पूर्वेला जा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि यवतकडे त्याहून कमी. तिकडे डोंगर हिरवे असतात, वाटा चालण्याजोग्या राहतात आणि मुलांना हवं तेवढं धावता येतं.

यवतच्या बाजूला एका दिवसात काय काय होईल? पुरंदर आणि भुलेश्वर जोडता येतील का?
(एक वाचक, हडपसर)

येतील, स्वतःचं वाहन असेल तर. पुरंदर आधी घ्या. गड लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवेशाच्या वेळा दिवसापुरत्याच आहेत आणि दारावर ओळखपत्र पाहतात. ते प्रत्येक मोठ्या माणसाकडे असू द्या. काही भाग बंद असतात, तिथे फोटोचा आग्रह धरू नका. सासवडवरून नारायणपूरला या, नारायणेश्वराचं यादवकालीन देऊळ अर्ध्या तासात पाहा आणि गडावर जा. मुरारबाजींच्या पुतळ्यापासून केदारेश्वरापर्यंतचा चढ तासाभराचा आहे. छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी याच गडावर झाला.

दुपारी परत सासवडला. कऱ्हाकाठचं संगमेश्वर पाहून माळशिरसमार्गे भुलेश्वर. देऊळ बाहेरून गढीसारखं साधं दिसतं, म्हणून काही जण दर्शन घेऊन लगेच वळतात. खरा खजिना आत, गाभाऱ्याभोवतीच्या फेरीत आहे. स्त्रीरूपातला गणेश तिथेच आहे. आत अंधार असतो, छोटी विजेरी न्या. श्रावणी सोमवारी मात्र गर्दीत शिल्पं दिसणार नाहीत. पावसाळा सरताना गेलात तर सासवडच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या मिळतात. पुढे हंगामात अंजीरही. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे.

हिवाळ्यात पक्षी पाहायला जवळ कुठे जावं? दुर्बीण कोणती घ्यावी?
(एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

पहिल्यांदा कवडीपाट. सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे लोणी काळभोरच्या अलीकडे नदीकाठी वळायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाच्या वेळी. चक्रवाक, शेकाट्या, थापट्या, धोबी, वंचक आणि खंड्या एका सकाळीत सहज दिसतात. नदी शहराची घाण घेऊन येते, त्यामुळे वास असतो. पाण्यात हात घालू नका. नऊनंतर माणसांची आणि वाहनांची वर्दळ वाढते, पक्षी दूर सरकतात.

रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे तर भिगवण, साधारण शंभर किलोमीटरवर. पावसाळ्यानंतर तिथे उजनी धरणाचं पाणी तुडुंब असतं. ते ओसरून उथळ दलदल उघडी पडली की रोहितांना खाद्य मिळतं. म्हणून जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत जा. डिसेंबरात जाऊन निराश होणारे पुष्कळ. कुंभारगावातून नावा निघतात. नावाड्याला आधीच सांगा की थवा उडवायचा नाही, लांबूनच पाहायचंय. उन्हात वारंवार उडावं लागलं की पक्ष्यांची चरण्याची वेळ वाया जाते. चिलापी किंवा मरळीचं जेवण निघतानाच सांगून ठेवा.

दुर्बीण ८×४० किंवा ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४० किंवा ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. दहापट मोठं दाखवणारी मोहात पाडते, पण हाताचा कंपही दहापट दिसतो आणि उडता पक्षी चौकटीत सापडत नाही.

वेताळ टेकडीवर एकटीने जाणं ठीक आहे का?
(एक वाचक, एरंडवणे)

सकाळी सहा ते नऊ मुख्य वाटांवर पुष्कळ लोक असतात, तेव्हा ठीक आहे. अंधार पडल्यावर किंवा आडवाटेला एकटीने नको. खाणीच्या कड्याच्या अगदी टोकाशी उभं राहू नका आणि तिथल्या पाण्यात उतरू नका, खोलीचा अंदाज येत नाही. मार्चपासून वाळलेलं गवत ठिणगीने पेटतं. वणवा दिसला तर वारा आग नेतोय त्या वाटेतून बाजूला होऊन उघड्या खडकाकडे सरका आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. जूनच्या पहिल्या सरींनंतर पहाटे जाऊन नवरंग पक्ष्याची शीळ ऐका. तो पुण्याच्या टेकड्यांवर विणीसाठी येतो.

गडावर आग्या मोहोळ उठलं तर काय करायचं?
(एका ट्रेक गटाचे संयोजक, चिंचवड)

मान खाली, चेहरा ओढणीने वा शर्टाने झाकून मोहोळापासून लांब पळायचं. हात झटकायचे नाहीत, माशी मारायची नाही, कारण डंखाच्या वासाने आणखी माश्या येतात. टाक्यात उडी मारू नका. डोकं वर काढताच त्या पुन्हा चावतात. सुरक्षित जागी आल्यावर काटा जमेल तसा, पण लगेच काढा. उशीर केला तर विष आत जात राहतं. ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. मोहोळ उठतं ते बहुतेक धुराने, दगडाने किंवा उग्र अत्तराने. तुमच्या गटाच्या सूचनांत अत्तर आणि शेकोटी या दोन्हींवर बंदी लिहाच.

आजींचं वय ७८. पायऱ्या अजिबात नकोत, पण झाडं हवीत.
(एक नात, बिबवेवाडी)

एम्प्रेस गार्डनला सकाळी न्या. वाटा सपाट आहेत आणि जुन्या मोठ्या झाडांची सावली दाट. दुसरा पर्याय तुमच्या जवळचाच, कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. तिथे बसून फिरायला विजेवरच्या गाड्या आहेत. त्यांच्या रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून उघडण्याच्या वेळेला पोहोचा, आणि बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असतं.