मॅरेथॉन जोडीने: वेग कुणाचा धरायचा?

प्रश्न: मित्रासोबत मुंबई मॅरेथॉनची पूर्ण 42.195 किलोमीटर पळायची आहे. त्याचा वेग किलोमीटरला 6 मिनिटं 15 सेकंद, माझा 6:45. शेवटपर्यंत सोबत राहता येईल?

उत्तर: येईल, पण वेग तुमचाच धरावा लागेल. 6:45 ने साधारण 4 तास 45 मिनिटं लागतात, त्याच्या वेगाने 4 तास 24. ही 21 मिनिटं सोडायला तो राजी आहे का, ते आत्ताच विचारून घ्या; पेडर रोडच्या चढावर हा विषय निघायला नको. मधला 6:30 चा तोडगा मात्र काढू नका. पहाटेच्या गारव्यात तो सहज जमतो, पण साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा) लवकर संपतं आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पाय दगड होतात. पहिले 5 किलोमीटर 6:55 ने काढा. अख्खं वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे.

सुरुवातीचे गट वेगळे मिळाले, तर मित्राने मागच्या गटात यावं. पुढे घुसणं नियमात बसत नाही.

जोड्या फुटतात त्या बहुधा पाण्याच्या टेबलांवर. पहिल्या टेबलावर झुंबड असते, म्हणून शेवटचं गाठा, ग्लास चिमटीत दाबून चालत दोन-तीन घोट घ्या आणि टेबलं संपल्यावर डावीकडे भेटा. मित्र दिसला नाही, तर थांबू नका, शंभरेक मीटर हळू पळा. शौचालयासाठीही हाच नियम. शर्यतीनंतर भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा, गर्दीत फोन लागेलच असं नाही.