एस-कॉर्पच्या मालकाचा हेल्थ इन्शुरन्स: वजावट मिळते, पण डब्ल्यू-2 मधून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत तुमची एकट्याची एस-कॉर्प (जिच्या नफ्यावर कंपनीऐवजी मालक वैयक्तिक रिटर्नवर कर भरतो, अशी अमेरिकन कंपनी) आहे, पगार 72,000 डॉलर, कुटुंबाच्या पॉलिसीचा प्रीमियम महिना 1,500. तो कंपनीने भरला तर करमुक्त धरता येईल का? आणि बायकोला पगारावर घेऊन पॉलिसी तिच्या नावे काढली तर?

करमुक्त नाही, पण पूर्ण वजावट मिळू शकते. सी-कॉर्प (नफ्यावर स्वतःच कर भरणारी कंपनी) असती तर हा पैसा तुमच्या उत्पन्नात आलाच नसता. एस-कॉर्पमध्ये 2 टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या माणसाला अशा सुविधांपुरतं अमेरिकेच्या कर कायद्याचं कलम 1372 भागीदार मानतं. म्हणून प्रीमियम आधी पगारात दाखवायचा आणि मग वैयक्तिक रिटर्नवर वजा करायचा. द्राविडी प्राणायाम आहे खरा.

पॉलिसी तुमच्या स्वतःच्या नावे असली तरी चालते, पण प्रीमियम कंपनीने थेट भरायला हवा किंवा पावती घेऊन त्याच वर्षात तुम्हाला परत द्यायला हवा. मग डब्ल्यू-2 (कंपनीने द्यायचा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) असा दिसेल: बॉक्स 1 मध्ये (इन्कम टॅक्ससाठीचा पगार) 90,000, बॉक्स 3 आणि 5 मध्ये (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीचा पगार) फक्त 72,000, बॉक्स 14 मध्ये माहितीसाठी 18,000. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे कर त्या 18,000 वर लागत नाहीत, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून 15.3 टक्के, 2,754 डॉलर वाचतात. अट एवढीच, की ही कर्मचाऱ्यांसाठीची योजना असायला हवी. तसा एक पानी ठराव कंपनीच्या फायलीत ठेवून द्या.

गडबड बहुतेक वेळा पेरोलमध्ये होते. प्रीमियम 'बोनस' म्हणून टाकला तर त्यावर हे दोन्ही कर कापले जातात. 'प्री-टॅक्स' कपात म्हणून टाकला तर बॉक्स 1 उलट कमी होतो, आणि ते सरळ चूक आहे. बहुतेक पेरोल सॉफ्टवेअरमध्ये एस-कॉर्प मालकाच्या इन्शुरन्ससाठी वेगळा प्रकार असतो, तो निवडा. वर्षाचा शेवटचा पगार काढण्याआधी हे उरकलं तर बरं, नाहीतर डब्ल्यू-2सी आणि 941-एक्स हे दुरुस्तीचे फॉर्म भरत बसाल.

वैयक्तिक रिटर्नवर फॉर्म 7206 भरून आकडा शेड्यूल 1 च्या ओळ 17 वर न्यायचा. इथे मर्यादा लागते ती बॉक्स 5 ची, बॉक्स 1 ची नव्हे. काही जण पगार शून्य ठेवून फक्त प्रीमियम डब्ल्यू-2 वर दाखवतात. त्यांचा बॉक्स 5 शून्य, म्हणून वजावटही शून्य.

आता बायकोचं. कलम 318 नुसार तुमचे शेअर तिचेही धरले जातात, म्हणजे तीही मालकच ठरते. नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आईवडील, सगळ्यांना तोच नियम. त्यामुळे तिला पगारावर घेऊन या बाबतीत काही हाती लागत नाही. मात्र ती बाहेर नोकरी करत असेल आणि तिथल्या अनुदानित प्लॅनमध्ये तुम्हाला सामील होता येत असेल, तर तुम्ही तो घेतला नसला तरी त्या महिन्यांची वजावट मिळत नाही. हे महिन्यागणिक तपासलं जातं, वर्षाचं एकदम नाही.

एचएसएमध्ये (वैद्यकीय खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) कंपनीने भरलेले पैसेही असेच पगारात धरायचे आणि फॉर्म 8889 वर वजा करायचे. कॅफेटेरिया प्लॅन, म्हणजे पगारातून करपूर्व पैसे कापून सुविधा घेण्याची योजना, मात्र तुमच्यासाठी बंद आहे.

पॉलिसी मार्केटप्लेसवरची (सरकारी विमा बाजारातली) असेल आणि प्रीमियमसाठी सरकारचं आगाऊ कर-क्रेडिट घेत असाल, तर वजावट फक्त तुमच्या वाट्याच्या रकमेची. इथे वजावटीवर क्रेडिट आणि क्रेडिटवर वजावट अवलंबून असते, म्हणून आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) पब्लिकेशन 974 मधली पद्धत वापरावी लागते. हे हाताने करू नका, सॉफ्टवेअरला करू द्या.

बाहेरचा कर्मचारी नेमलात, तर त्याच्या वैयक्तिक पॉलिसीचे पैसे असेच परत देऊ नका. तसं केल्यास कंपनीला दर माणशी दिवसाला 100 डॉलर दंड बसू शकतो. त्याच्यासाठी आयसीएचआरए किंवा क्यूएसईएचआरए (कर्मचाऱ्याचा आरोग्य खर्च करमुक्त परत देण्याच्या योजना) रीतसर उभारा. तुम्ही स्वतः त्यांचा करमुक्त लाभ घेऊ शकणार नाही.