कट्टर चाहत्यांनाच बँडचं उशिरा गाजलेलं गाणं का खुपतं?

तुम्ही विचारलंय की 'टच ऑफ ग्रे' एवढं गुणगुणावंसं गाणं असताना ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे जुने चाहते त्याचं नाव काढलं की तोंड का वाकडं करतात. सरळ सांगतो, त्यांना गाणं खुपत नाही, त्या गाण्यामुळे आलेली माणसं खुपतात. मी त्याच माणसांपैकी एक आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला अमेरिकेत पोचलो तेव्हा ते गाणं चार्टवर चढत होतं. सप्टेंबरमध्ये नवव्या नंबरापर्यंत गेलं. १९६५ पासून वाजवणाऱ्या बँडचं पहिलं टॉप टेन गाणं, आणि शेवटचंही तेच. कॉमन रूममध्ये जेव्हा बघावं तेव्हा एमटीव्ही लावलेला असायचा आणि त्यावर तो व्हिडिओ, सांगाडे गिटार वाजवतायत, एक कुत्रा एका सांगाड्याचा पाय तोंडात धरून पळतो, आणि मग सांगाड्यांच्या जागी खराखुरा बँड, मध्ये पिकल्या दाढीचा जेरी गार्सिया, बँडचा गायक आणि गिटारवादक. मी तिथेच खलास झालो.

माझ्या अपार्टमेंटमध्ये एक मराठी सिनियर राहायचा, सगळे त्याला दादा म्हणायचे म्हणून मीपण. पीएचडी रेंगाळलेली आणि शोजना जाणं मात्र कधी चुकलं नाही असा. त्याच्या खोलीत बुटांच्या खोक्यांमध्ये डेडच्या शोजचं रेकॉर्डिंग असलेल्या मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेट उभ्या लावलेल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर बारीक अक्षरात तारीख, गाव, हॉल, साउंडबोर्डवरून, म्हणजे थेट स्टेजच्या मिक्सरमधून घेतलीये की पब्लिकमधल्या माइकवरून, आणि कितवी कॉपी आहे ते. कोऱ्या कॅसेट आणि परतीचा पोस्टेज पाठवून, अनोळखी लोकांशी पत्रापत्री करून जमवलेलं सगळं. त्याला खरंच मोल होतं, मी ते कधीच नाकारलं नाही. मी म्हटलं, दादा, मला पण दे ना ऐकायला. तर म्हणाला, "तू टचहेड आहेस. आधी बहात्तर सालचे शो ऐक, सत्त्याहत्तरचे ऐक, मग बोलू." म्हटलं मग दे ना सत्त्याहत्तर! "कॅसेटला हात लावायचा नाही."

टचहेड हा शब्द त्याने काढलेला नाही, तेव्हा सगळ्याच जुन्या मंडळींच्या तोंडी होता. 'टच ऑफ ग्रे' ऐकून आलेला म्हणजे टचहेड. चारचौघांत, आलेल्या पाहुण्यांसमोर, "हा आमचा टचहेड" अशी ओळख. वर्षभर ऐकलं मी ते.

मग एका रात्री तो कुणासाठी तरी दोन डेक जोडून कॅसेट कॉपी करत होता आणि हॉलमध्ये तेच गाणं ऐकू यायला लागलं. खोक्यावरचं लेबल बघितलं: १५ डिसेंबर १९८६, ओकलंड. पुढे त्याच्याच अक्षरात दोन फुल्या, म्हणजे त्याच्या हिशोबात अव्वल शो. हा कुठला शो ते डेड ऐकणाऱ्यांना सांगायला नको. जुलैमध्ये गार्सिया डायबेटिक कोमात गेला होता, जगेल की नाही कुणाला खात्री नव्हती, शुद्धीवर आल्यावर गिटार जवळजवळ पहिल्यापासून शिकावी लागली, आणि पाच महिन्यांनी स्टेजवर येऊन त्याने पहिलं वाजवलं ते हे गाणं. टेप पब्लिकमधल्या माइकवरची, त्यामुळे गाण्याइतकीच माणसं ऐकू येतात. आपण तगून जाऊ अशा अर्थाची ती ओळ आली तसा जो आवाज उठला त्यात गार्सिया बुडून गेला. मी विचारलं, "आवडतं ना तुला हे?" म्हणाला, "तेव्हाचं वेगळं होतं."

काय वेगळं होतं? चाल तीच, शब्द तेच, गाणारा तोच. वेगळं एवढंच की तेव्हा माझ्यासारखे लोक ते ऐकत नव्हते.

म्हणून मला हा सगळा राग अप्रामाणिक वाटतो. हे गाणं चार्टसाठी घाईघाईत पाडलेलं नाहीये. शब्द रॉबर्ट हंटरचे, चाल गार्सियाची, स्टेजवर पहिल्यांदा वाजलं सप्टेंबर १९८२ मध्ये, म्हणजे रेकॉर्ड निघायच्या आधी पाच वर्षं ते फक्त जुन्या चाहत्यांचंच होतं. तो एमटीव्हीवाला व्हिडिओ पण कॅलिफोर्नियात लगुना सेकाला शो संपल्यावर रात्री थांबलेल्या पब्लिकसमोर शूट झालाय, ते थांबलेले लोक कोण होते? डेडहेड, म्हणजे डेडचे कट्टर चाहतेच ना!

आता त्यांची बाजू, कारण ती आहे आणि खरी आहे. गाणं गाजल्यावर गर्दी हाताबाहेर गेली. तिकिटं मिळेनात, शो स्टेडियममध्ये जायला लागले, बाहेरच्या पार्किंग लॉटमध्ये जे एक फिरतं गाव वसायचं तिथे संगीताशी काही देणंघेणं नसलेले लोक घुसले, तिकीट नसताना नुसती पार्टी करायला येणारे. शेवटी जुलै १९९५ मध्ये इंडियानातल्या डिअर क्रीकला लोकांनी कुंपण पाडलं आणि दुसऱ्या दिवशीचा शो रद्द करावा लागला, बँडला चाहत्यांना उद्देशून कडक पत्र लिहावं लागलं. सव्वा महिन्यात, ९ ऑगस्टला गार्सिया गेला. ज्यांनी वीस वर्षं जपलेली गोष्ट अशी डोळ्यांदेखत मोडताना बघितली त्यांचं दुःख मला कळतं. पण त्याचं खापर १९८७ च्या एका गाण्यावर फोडायचं? कुंपण पाडणाऱ्यांवर फोडा की.

दुसरं कारण असं की डेडचा चाहता एकच गाणं दोनदा सारखं ऐकायला जातच नाही. त्यांचं 'डार्क स्टार' हे गाणं कुठल्या रात्री कुठे जाईल ते बँडलाही माहीत नसायचं, त्यासाठी लोक हजारो मैल गाडी चालवायचे. 'टच ऑफ ग्रे' त्यामानाने बंदिस्त आहे, आत भटकायला जागा कमी. हा आक्षेप मला मान्य आहे, फक्त तो १९८२ मध्येही तितकाच लागू होता आणि तेव्हा कुणी टचहेड म्हणून शिव्या घालत नव्हतं.

हे सगळं डेडपुरतं, प्रत्येक बँडला लावू नका. 'यस' या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'चं बघा, १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेत नंबर एकला गेलं पण मुळात ते नव्याने आलेल्या ट्रेव्हर रेबिनचं गाणं, बँडचा आवाजच बदललेला, तिथे सत्तरच्या दशकातले चाहते दुखावले तर चूक नाही. एरोस्मिथ या अमेरिकन बँडचं १९९८ चं नंबर एकचं गाणं तर डायन वॉरनने लिहिलंय, बँडने नाही. तिथे मी जुन्या लोकांच्या बाजूने.

तुम्ही नवे असाल तर 'टच ऑफ ग्रे' आवडतं असं बेधडक सांगा, त्यात कमीपणा काही नाही. पुढे डेडचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला शो ऐका, मग २७ ऑगस्ट १९७२ चा ओरेगनमधल्या व्हेनेटाचा, हे आता ऑनलाइन मिळतं, कुणाच्या खोक्यांची परवानगी लागत नाही. आणि कुणी टचहेड म्हणालंच तर त्याला विचारा, ओकलंडला हे गाणं सुरू झालं तेव्हा तू ओरडत होतास की गप्प बसला होतास. दादाने याचं उत्तर मला आजवर दिलेलं नाही.