चार वर्षांची मुलं रंग-पाण्याच्या प्रयोगांतून खरंच काही शिकतात का, की नुसता पसारा होतो?

पसारा होतोच. पण प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी घरात दोन वर्षं ऐकून घेतलंय.

माझी लेक चार वर्षांची असताना माझ्या पांढऱ्या ओढणीला हळद लागली, मी कपड्याच्या साबणाने चोळली तर डाग एकदम लालभडक. ही शेजारीच उभी, "आई, रक्त आलं की!" म्हणून रडायलाच लागली. मी समजावत बसले नाही, लिंबाची फोड हातात दिली, म्हटलं पिळ. पिळलं तिथं परत पिवळं. रडणं बंद. मग साबण, लिंबू, परत साबण, नंतर चिंचेचं पाणी, ताक, आजोबांच्या डबीतला चुना (तो मी लावला), घरात सापडेल ते. आणि तिसऱ्या-चौथ्या वस्तूपासून ती आधीच सांगायला लागली, "हे लाल नाही होणार, आंबटंय." ताक तिनं चाखून बघितलं होतं. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं हो! सासूबाई म्हणाल्या, पूर्वी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे, तर त्यांना दिवसभर सोडलं नाही.

माझे वडील चादरीचं सूत रंगवायच्या कामाला होते. ओल्या लडीवरून शेड ठरवू नको, वाळू दे, म्हणायचे. लेकीनं निळ्या पाण्यात बुडवलेलं फडकं वाळल्यावर फिकं झालं आणि तिनं "रंग कुठं गेला?" विचारलं, तेव्हा मला तेच आठवले.

डी.एड.ला पियाजे (मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ) पाठ केला होता, की साधारण सात वर्षांच्या आतलं मूल पसरट वाटीतलं पाणी उंच ग्लासात ओतलं की जास्त झालं म्हणतं. घरी करून बघा. सांगून पटत नाही, ओतून ओतून हळूहळू पटतं. शाळेत मात्र मला बोलावून सांगितलं, मुलगी अजून ओळीत लिहीत नाही. चार वर्षांच्या बोटांकडून पानंच्या पानं गिरवून घेणं चूक आहे, मी तिथंही तोंडावर बोलले.

हां, कपड्याचे रंग मुलांना अजिबात देऊ नका, हळद, जास्वंद, खायचा रंग पुरे. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, तो आपल्याच हातात ठेवा. आणि भरलेल्या बादलीजवळ लहान मुलाला एकटं सोडू नका, थोड्या पाण्यातही जीव जातो.

राहिलं पाण्याचं. जाऊबाई अजून म्हणतात, नळ चार-चार दिवसांनी येतो आणि ही पोरीला पाणी नासवायला देते. त्या दिवशीचा सगळा खेळ एका तांब्यात झाला, मी स्वतः भरून दिला होता, आणि ते पाणीसुद्धा नंतर फरशी पुसायला वापरलं.